‘उंदीर पडला’ ते लेप्टो: मुंबईच्या उंदरांची सव्वाशे वर्षांची भानगड

दर पावसाळ्यात लेप्टोच्या, म्हणजे साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाच्या, बातम्या आल्या की मला आजीच्या तोंडचं प्लेगच्या काळातलं एक वाक्य आठवतं, ‘उंदीर पडला की घर सोडायचं’. तिनेही ते तिच्या आईकडूनच ऐकलेलं. म्हणजे घरात मेलेला उंदीर दिसला की भांडीकुंडी उचला आणि निघा, कारण त्याच्या मागोमाग माणसं पडणार. लहानपणी आम्हाला ती अंधश्रद्धा वाटायची, पण खरं बघितलं तर लोकांना हे डॉक्टरांच्या आधी कळलेलं!

सप्टेंबर १८९६. मांडवी, बंदराजवळची धान्याची गोदामं, खाली पोती आणि वर माणसं. तिथे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीचा ताप बघून हा प्लेग आहे असं निदान केलं. त्याच्या दोनच वर्षं आधी, १८९४ ला, येर्सिन नावाच्या डॉक्टरने हाँगकाँगमधे याचा जिवाणू शोधला होता. जंतू माहीत होता पण तो माणसापर्यंत येतो कसा हे माहीत नव्हतं, आणि सगळा घोळ इथेच झाला. सरकारला वाटलं घाण आणि खराब हवा हेच कारण, म्हणून गटारांत जंतुनाशक कार्बोलिक ओता, घरं धुवा, माणसं उचलून हॉस्पिटलात न्या. (गटारातले उंदीर मग कुठे गेले असतील ते तुम्हीच सांगा.) लोक एवढे बिथरले की ऑक्टोबर १८९६ मधे गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या हॉस्पिटलवर हल्ला केला. शहर ओस पडायला लागलं, १८९१ च्या जनगणनेत सव्वाआठ लाखांच्या जवळ असलेली मुंबई १९०१ ला पावणेआठ लाखांवर आली.

हाफकिन नावाच्या शास्त्रज्ञाने भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमधे प्लेगची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःलाच टोचून घेतली. पण उंदराचं कोडं सुटलं १८९८ ला कराचीत. सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरने दाखवलं की मधला दलाल पिसू आहे: उंदीर मेला, अंग थंड पडलं की पिसवा नवीन गरम अंग शोधतात आणि जवळ माणूस असतोच. वर (हे बरंच पुढे कळलं) त्या जिवाणूमुळे पिसवेचं जठराचं तोंड तुंबतं, पोट भरतच नाही म्हणून ती चावतच सुटते आणि चावताना जंतू उलटून आत सोडते. सिमाँचं तेव्हा कोणी फारसं ऐकलं नाही, पुढे परळच्या लॅबमधे, म्हणजे आजच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमधे, १९०५ नंतर प्रयोग झाले, पिसवा पोचू शकल्या तिथले गिनी पिग मेले, जाळीआड पिसवांपासून वाचवलेले जगले, तेव्हा कुठे सगळ्यांना पटलं. आजीच्या आजीला हे आधीच माहीत होतं, फक्त मधली पिसू तेवढी माहीत नव्हती.

लेप्टोचं गणित उलटं आहे. यात उंदीर पडतच नाही, मजेत हिंडतो! जिवाणू त्याच्या मूत्रपिंडात घर करून राहतो, लघवीतून बाहेर पडतो, साचलेल्या पाण्यात मिसळतो आणि पायाच्या भेगेतून, जखमेतून, डोळ्यातून आपल्यात शिरतो. कुत्री, गाईम्हशी, डुकरं पण पसरवतात, एकट्या उंदराला शिव्या देऊन भागत नाही. कावीळ होऊन मूत्रपिंड निकामी होणाऱ्या या तापाचं वर्णन जर्मनीच्या वाइल नावाच्या डॉक्टरने १८८६ लाच केलेलं, जंतू जपानमधे इनादा आणि इदो यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात पकडला. टोकाला आकडा असलेला, प्रश्नचिन्हासारखा, म्हणून नावातच ‘इंटरोगन्स’.

मुंबईकराच्या तोंडी लेप्टो हे नाव कायमचं बसलं ते २००५ नंतर. २६ जुलैला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस, लाखो माणसं कमरेएवढ्या पाण्यातून तासन् तास चालत घरी गेली, कित्येकांच्या चपला पाण्यात गेल्या, आणि ऑगस्टमधे वॉर्ड तापाच्या पेशंटनी भरले. एवढ्या दिवसांनी का? तर लक्षणं दिसायला साधारण ५ ते १४ दिवस लागतात, तोवर माणूस ते पाणी विसरून गेलेला असतो आणि ‘व्हायरल असेल’ म्हणून क्रोसिन घेत बसतो. तेव्हापासून पाण्यातून चालून आलात तर ७२ तासांच्या आत डॉक्टरला विचारून डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक घ्या असं महापालिका दर पावसाळ्यात सांगते. रात्री काठी-टॉर्च घेऊन उंदीर मारणारे पालिकेचे कामगार तर त्याच्याही आधीपासून आहेत, त्यांच्याबद्दल कोणी कधी दोन शब्द लिहीत नाही.

आणि लेप्टोचा संशय आला की पेशंटचं रक्त अनेकदा तपासायला जातं कस्तुरबा हॉस्पिटलला. तेच ते आर्थर रोडचं हॉस्पिटल, १८९६ ला दगड खाल्लेलं.