न वापरलेल्या आजारपणाचे पैसे: अर्धवेतनी रजेचा गुंता

केंद्र सरकारच्या नोकरीत 'आजारपणाची रजा' नावाची रजाच नाही, हे सांगितलं तर तीस वर्षं सर्व्हिस झालेले लोकही दचकतात. कचेरीत सगळे 'मेडिकल टाकली' म्हणतात, रेल्वेत 'तो सिकमध्ये आहे' म्हणतात. पण सर्व्हिस बुकातलं रजेचं पान उघडलं तर तसा रकाना सापडत नाही. तिथे असते अर्धवेतनी रजा, रेल्वेवाल्यांच्या भाषेत एलएचएपी (लीव्ह ऑन हाफ ॲव्हरेज पे). १ जानेवारीला १० दिवस जमा, १ जुलैला १० दिवस जमा, वर्षाला २०. ती आजारपणासाठी घ्या नाहीतर घरच्या कामासाठी, पगार निम्माच मिळतो. डॉक्टरांचा दाखला जोडला तर तिची 'परिवर्तित रजा' (कम्यूटेड लीव्ह) करून घेता येते. मग पगार पूर्ण, पण एका दिवसाला खात्यातून दोन दिवस वजा. चार दिवस तापाने पडलात की आठ गेले.

एकास दोन, हे गणित लक्षात ठेवावं. पुढचं सगळं भांडण त्यावरच आहे.

या पद्धतीचं मूळ १९२२ च्या मूलभूत नियमांत आहे. सरासरी वेतनावरची रजा आणि अर्ध्या सरासरी वेतनावरची रजा अशी विभागणी तेव्हाची. 'रजा हक्क म्हणून मागता येत नाही' हा नियमही तेव्हाचाच, आणि तो १९७२ च्या रजा नियमांतही आला. रजा म्हणजे सरकारची मेहेरबानी असेल, तर न घेतलेल्या रजेचे पैसे मागण्याचा प्रश्नच उरत नव्हता.

हे बदललं १९७७ साली. निवृत्त होताना शिल्लक अर्जित रजेचे, म्हणजे काम करून कमावलेल्या पूर्णपगारी रजेचे, पैसे मिळू लागले, आधी १८० दिवसांपर्यंत, १९८६ पासून २४०, १९९७ पासून ३००. त्यानंतर लोक अर्जित रजा ठेवीसारखी जपू लागले. 'माझे तीनशे भरलेत' हे वाक्य निवृत्तीला दोन-चार वर्षं उरली की कुठल्याही सरकारी कचेरीत ऐकायला मिळतं. अर्धवेतनी रजेला मात्र हे भाग्य लाभलं नाही. तिच्या साठ्याला मर्यादा नाही, तीस वर्षांत ६०० दिवस जमू शकतात, पण त्या साठ्याची रोख किंमत तेव्हा जवळजवळ शून्य होती. निवृत्तीच्या वेळी तिचे पैसे काढायचे तर त्यातून पेन्शन वजा व्हायची, त्यामुळे हातात फारसं काही पडत नसे.

सहाव्या वेतन आयोगानंतर, २००८ मध्ये, आदेश निघाला आणि तो १ जानेवारी २००६ पासून लागू धरला गेला. अर्जित रजा ३०० पेक्षा कमी भरत असेल तर तूट अर्धवेतनी रजेतून भरून काढता येईल, पेन्शनची वजावटही होणार नाही. इथपर्यंत सगळे खूश. पण पुढे एक वाक्य होतं: तूट भरून काढताना अर्धवेतनी रजेचं परिवर्तन करता येणार नाही.

आकडे मांडल्याशिवाय यातली मेख दिसत नाही. समजा एखाद्याचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून महिन्याला ९०,००० होतं, म्हणजे दिवसाला ३,०००. अर्जित रजा शिल्लक २४०, अर्धवेतनी ४००. अर्जितचे ७,२०,००० मिळाले. तूट ६० दिवसांची. ती भरायला ६० अर्धवेतनी दिवस घेतले, दर १,५००, म्हणजे ९०,०००. एकूण ८,१०,०००. परिवर्तन करू दिलं असतं तर १२० अर्धवेतनी दिवसांचे ६० पूर्ण दिवस झाले असते आणि एकूण रक्कम ९ लाख झाली असती. खात्यात ४०० होते, १२० सहज निघाले असते. प्रत्यक्षात ३४० दिवस तसेच बुडाले.

हाच माणूस निवृत्तीच्या आधी खरोखर आजारी पडला असता आणि दाखला जोडला असता, तर त्याच १२० दिवसांवर त्याला दोन महिने पूर्ण पगार मिळाला असता. 'अहो साहेब, आजारी पडलात तर कम्यूट होते, रिटायर झालात तर नाही होत,' असं एस्टॅब्लिशमेंटचा क्लार्क सांगतो, तेव्हा त्यात विनोद नसतो. नियमच तसा आहे. आणि ज्याने अर्जित रजेचे तीनशे काटेकोर भरले, त्याला अर्धवेतनीचा छदामही मिळत नाही, कारण त्याची तूटच नसते.

सरकारी बाजूचं म्हणणं असं की आजारपणाची तरतूद हा विमा आहे, ठेव नाही. घर जळलं नाही म्हणून आगीच्या विम्याचा हप्ता कोणी परत मागत नाही. युक्तिवाद वजनदार आहे. पण विम्याचं वर्ष संपलं की तो संपतो, इथे रजा दर सहामाहीला जमा होते, शिल्लक पुढे ओढली जाते, सही-शिक्क्यानिशी खातं ठेवलं जातं. परिवर्तित रजेवर असतानाच राजीनामा दिला किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतली तर ती रजा अर्धवेतनी धरून जादा पगार वसूलही होतो (प्रकृतीने नाइलाज झाला किंवा मृत्यू ओढवला तर नाही). वसुलीच्या वेळी ठेव आणि देण्याच्या वेळी विमा, असा हा प्रकार वाटतो.

कारखान्यातल्या कामगाराची वाट पहिल्यापासून वेगळी. तिथे आजारपणाचा पगार मालकाऐवजी विम्यातून द्यायचा असं ठरलं, तीच कर्मचारी राज्य विमा योजना (ईएसआय). १९४४ चा अहवाल, १९४८ चा कायदा, १९५२ मध्ये कानपूर आणि दिल्लीपासून सुरुवात, १९५४ मध्ये मुंबई. गिरणगावात पॅनल डॉक्टरची, म्हणजे योजनेच्या यादीतल्या डॉक्टरची, चिठ्ठी आली ती यातूनच. आज या योजनेत सरासरी रोजच्या मजुरीच्या ७० टक्के, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळतात, पण साधारणपणे पहिले दोन दिवस कोरडे जातात. पाच दिवस अंथरुणाला खिळलेल्या कामगाराला तीन दिवसांचे पैसे. न वापरलेल्या दिवसांचा तर प्रश्नच नाही. योजनेत येण्यासाठीची २१,००० रुपयांची पगारमर्यादा २०१७ ची आहे.

दुकानं आणि खासगी ऑफिसांत महाराष्ट्राने २०१७ चा कायदा केला, तोही आजारपणाचं नाव घेत नाही. आठ दिवस किरकोळ रजा, दर तिमाहीला थोडी थोडी जमा, वर्षाअखेर शिल्लक बाद. अर्जित रजा ४५ दिवसांपर्यंत साठते. बेळगावात कर्नाटकचा कायदा वर्षाला १२ दिवस आजारपणाची पगारी रजा देतो, कोल्हापुरातल्या तशाच दुकानातल्या माणसाला तो रकाना माहीतच नाही. काही कंपन्या स्वतःहून एसएल (सिक लीव्ह) देतात, पण ३१ डिसेंबरला ती उडते म्हटल्यावर डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ऑफिसात साथ आल्यासारखी माणसं आजारी पडतात.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या कामगार संहितेत (कामाच्या जागची सुरक्षा, आरोग्य आणि परिस्थिती यांच्याबद्दलच्या) वार्षिक रजेसाठी २४० ऐवजी १८० दिवस काम पुरे केलं आहे, आणि वर्षाच्या शेवटी मागणी केली तर शिल्लक रजेचे पैसे मिळण्याची सोयही आहे. ती सोय वार्षिक रजेपुरती. आजारपणाचा वेगळा रकाना तिथेही घातलेला नाही.