पार्श्वभूमी : रेकॉर्ड की सीडी, हा वाद आला कुठून?

आवाज रेकॉर्डचा चांगला की सीडीचा, या वादाची पाळंमुळं शोधताना जर्मनीतलं हॅनोव्हर शहर लागतं, आणि त्याची गोष्ट सांगायची, तर सुरुवात कलकत्त्यातून करावी लागते. १९०२ च्या नोव्हेंबरमध्ये ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गने तिथे गायिका गौहर जानचं गाणं मेणाच्या तबकडीवर उतरवून घेतलं. तीन मिनिटं भरत आली की बाई गाणं आवरायच्या आणि चक्क इंग्रजीत सांगायच्या, ‘माय नेम इज गौहर जान.’ हा नखरा नव्हता. मेणाच्या त्या तबकड्या बोटीने हॅनोव्हरला जायच्या, तिथे त्यांचे साचे बनायचे. ठुमरी कुठली आणि दादरा कुठला हे ज्या जर्मन कामगाराला कळायचं काही कारण नव्हतं, त्याला निदान लेबल कुणाच्या नावाचं चिकटवायचं ते समजावं, म्हणून ही सोय, असं सांगतात.

कारखाना हॅनोव्हरलाच का, तर सपाट तबकडीचा जनक एमिल बर्लिनर मूळचा तिथला. एडिसनने १८७७ मध्ये फोनोग्राफ केला तो नळकांड्यावर आवाज कोरणारा. अमेरिकेत गेलेल्या बर्लिनरने १८८७ मध्ये सपाट तबकडीचं पेटंट घेतलं. नळकांड्याच्या प्रती काढणं जिकिरीचं होतं. तबकडी मात्र एकदा साचा झाला की भराभर दाबून काढता यायची. १८९८ मध्ये त्याने भावाच्या मदतीने हॅनोव्हरला कारखाना थाटला. या तबकड्यांचा मुख्य माल म्हणजे लाख, आणि जगातली बहुतेक लाख जायची हिंदुस्थानातून. दगडाची पूड आणि काजळी मिसळून तिचा लगदा करायचे आणि साच्यात दाबायचे. म्हणजे लाख इथून गेली, गळाही इथूनच गेला, आणि दोन्हींची मिळून झालेली तबकडी परत इथेच विकायला आली! हा वळसा पुढे कंपनीलाही परवडेना. १९०८ मध्ये कलकत्त्याला सियालदहला कारखाना निघाला.

हॅनोव्हरचं नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

लाखेच्या तबकडीचे फेरे मिनिटाला ७८. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावायची. ख्याल गाणाऱ्याला एवढ्या वेळात धड आकारही लावता येत नाही. तरी लोक गायले, आणि त्यातून एक वेगळीच कला तयार झाली. मिरजेचे अब्दुल करीम खाँ यांची ‘पिया बिन नाही आवत चैन’ ही झिंझोटीची ठुमरी ऐका. घाई कुठे दिसत नाही, पण एकही जागा फुकट गेलेली नाही. मैफलीत तासभर रमणारा माणूस तीन मिनिटांत काय ठेवतो आणि काय टाकतो, हे त्या काळच्या तबकड्यांवरून जितकं कळतं तितकं कुठल्याही ग्रंथातून कळणार नाही. आपण ज्याला ‘जुन्या रेकॉर्डींमधली मजा’ म्हणतो, तिच्यातला मोठा वाटा या चिमटीचा आहे, खरखरीचा नव्हे.

गोव्यातल्या केरीच्या सूरश्री केसरबाई केरकर मोजक्याच वेळा ध्वनिमुद्रणाला बसल्या. त्यांची ‘जात कहां हो’ ही साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ मध्ये ‘व्हॉयेजर’ यानांबरोबर अवकाशात गेली. ज्या तबकडीवर ती गेली ती तांब्याची, वर सोन्याचा मुलामा, फेरे मिनिटाला १६ पूर्णांक दोन तृतीयांश. सोबत पिनही दिली आहे आणि ती कशी लावायची त्याची चित्रंही. पाच वर्षांनी सीडी बाजारात येणार होती. पण हजारो वर्षं टिकायला हवी म्हणून जे निवडलं, ते कोरलेली खाच आणि तिच्यातून फिरणारी सुई हेच.

मधल्या काळात लाखेची जागा विनाइल या प्लास्टिकने घेतली होती. दुसऱ्या महायुद्धात पूर्वेकडून येणारी लाख आटली आणि अमेरिकन सैन्यासाठी काढलेल्या तबकड्या विनाइलच्या निघाल्या. जून १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने न्यूयॉर्कमध्ये एलपी (लाँग प्ले) दाखवली. बारा इंची, मिनिटाला ३३ पूर्णांक एक तृतीयांश फेरे, बारीक खाच, आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटं. पुढच्याच वर्षी आरसीए कंपनीने ४५ फेऱ्यांची सात इंची छोटी रेकॉर्ड काढली. आपल्याकडे सिनेमाची चार गाणी असलेल्या ज्या ईपी घरोघरी होत्या, त्या याच मापाच्या. लाखेची तबकडी मात्र भारताने लवकर सोडली नाही. जगात ती केव्हाच बंद पडली होती, तरी बीटल्सची गाणी साठच्या दशकात आपल्याकडे ७८ वर निघत होती. चावीच्या ग्रामोफोनला वीज लागत नाही, हे कारण इथे बसून सहज उमगतं.

एलपीचा सर्वांत मोठा फायदा कुणाला झाला असेल तर तो रागसंगीताला. १९५५ मध्ये सरोदवादक अली अकबर खाँ यांनी न्यूयॉर्कमध्ये एलपी केली. एका बाजूला एक राग, दुसऱ्या बाजूला दुसरा, तबल्यावर चतुरलाल, आणि सुरुवातीला ओळख करून द्यायला व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन. आलापाला जागा मिळाली. तरी बावीस मिनिटांची वेस होतीच, आणि ती नुसती घड्याळाची नव्हती.

रेकॉर्ड फिरते एकाच वेगाने, पण कडेचा घेर मोठा आणि आतला लहान. बारा इंची एलपीच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते, तर लेबलाजवळ पोचेपर्यंत २१ च्या आसपास. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी लांबीत कोंबायचा. म्हणून बाजू संपत येते तसा ‘स’चा उच्चार फाटल्यासारखा लागतो, आणि नेमकी तेव्हाच आपली द्रुत रंगात आलेली असते. दुसरी अडचण खर्जाची. खर्जाची लाट रुंद असते, ती आहे तशी कोरली तर खाच शेजारच्या खाचेत घुसेल. म्हणून कोरताना खर्ज दाबतात आणि वरचे स्वर उचलतात, आणि वाजवताना अँप्लिफायर नेमकं उलट करतो. हे किती करायचं याचं माप कंपनीगणिक वेगळं होतं. १९५४ च्या सुमारास अमेरिकेतल्या रेकॉर्ड उद्योगाच्या संघटनेने ते एक केलं. थोडक्यात, रेकॉर्डवर ‘जसाच्या तसा’ आवाज कधी नव्हताच. कोरणारा कारागीर प्रत्येक बाजूला हात लावायचाच. चांगल्या कारागिराची रेकॉर्ड आणि वाईटाची रेकॉर्ड यांत जमीन-अस्मानाचं अंतर पडायचं ते त्यामुळे.

सीडी आली ती या सगळ्या कटकटींवर उतारा म्हणून. नेदरलँड्सच्या फिलिप्सने मार्च १९७९ मध्ये नमुना दाखवला, मग जपानच्या सोनीशी हातमिळवणी झाली. व्यास १२ सेंटिमीटर, वेळ ७४ मिनिटं, आवाजाची मोजणी सेकंदाला ४४,१०० वेळा, प्रत्येक मोजणी १६ बिटांची, म्हणजे शून्य-एकच्या सोळा अंकांची. यातला ४४,१०० हा आकडा ऐकताना फार गहन वाटतो, पण त्यामागे साधा हिशेब आहे. तेव्हा एवढा अंकी (डिजिटल) डेटा साठवायला व्हिडिओ टेप हेच सोयीचं साधन होतं. जपान-अमेरिकेच्या व्हिडिओत सेकंदाला ६० फील्ड (अर्धी चित्रं), प्रत्येकात वापरण्याजोग्या २४५ ओळी, ओळीला तीन नोंदी. गुणाकार करून पाहा. युरोपच्या व्हिडिओत ५० फील्ड, २९४ ओळी आणि तीन नोंदी, उत्तर तेच. दोन्हीकडे चालणारा आणि माणसाला ऐकू येणाऱ्या २०,००० कंपनांच्या दुपटीहून थोडा मोठा आकडा हवा होता, तो मिळाला. ७४ मिनिटांबद्दल मात्र बेथोव्हेनची नववी सिंफनी एका तबकडीवर मावावी म्हणून, अशी आख्यायिका आहे. फिलिप्समधले इंजिनिअर कीस इमिंक यांनी ती खोडून काढलेली आहे, पण गोष्ट इतकी गोड आहे की मरत नाही.

१७ ऑगस्ट १९८२ रोजी पहिल्या व्यापारी सीडी कारखान्यातून बाहेर पडल्या. स्वीडनच्या ‘आबा’ गटाचा अल्बम होता. कारखाना कुठला? लांगेनहागेन, म्हणजे हॅनोव्हरला लागूनच. बर्लिनरने तिथे रोवलेल्या कंपनीचाच तो पुढचा वंश. गौहर जानच्या मेणाच्या तबकड्या त्या शहरात उतरल्या त्याला ऐंशी वर्षं होत आली होती. १ ऑक्टोबरला जपानमध्ये सोनीचा पहिला प्लेअर विकायला आला, किंमत १,६८,००० येन.

सीडी आतून बाहेर वाचली जाते आणि प्लेअर तिचा वेग सतत बदलत नेतो. सुरुवातीला मिनिटाला सुमारे ५०० फेरे, कडेला पोचेपर्यंत २०० च्या घरात. त्यामुळे शेवटचा सूर पहिल्याइतकाच स्वच्छ. लेझर किरण पाच किलोमीटरहून लांब वाट वाचतो आणि तिला स्पर्शही करत नाही, म्हणून झीज नाही. बारीक ओरखड्याने गेलेली माहिती सोबत नोंदवलेल्या जादा माहितीवरून गणिताने भरून काढायची तजवीज आहे. सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजातलं अंतर सीडीवर ९६ डेसिबलपर्यंत जातं, चांगल्या एलपीवर ते ७० च्या आत राहतं. ‘सीडीचा आवाज पायऱ्यापायऱ्यांचा असतो’ हा समजही चुकीचा आहे. प्लेअरमधून बाहेर पडते ती सलग लाटच. कागदावर सामना एकतर्फी आहे, हे रेकॉर्डवाल्यांनी (मीही त्यांतलाच) मान्य केलेलं बरं.

अमेरिकेत १९८८ मध्ये सीडी विक्रीत एलपीच्या पुढे गेली. आपल्याकडे मात्र दोघी समोरासमोर फारशा आल्याच नाहीत. मध्ये कॅसेट घुसली. ऐंशीच्या दशकात स्वस्त कॅसेटनी एलपीचा बाजार गिळला. भजन, लावणी, भावगीत, सगळं कोपऱ्यावरच्या पानाच्या टपरीत मिळू लागलं. सीडी आली तेव्हा ती परदेशातून दाबून आणलेली, महाग, हातात जपून धरायची चीज होती. ती जरा स्वस्त होतेय तोवर एमपीथ्री आलं. म्हणून मराठी घरातला माणूस ‘रेकॉर्ड की सीडी’ म्हणतो तेव्हा बऱ्याचदा त्याच्या मनात तुलना असते ती आजोबांची रेकॉर्ड आणि स्वतःची घासलेली कॅसेट यांची. मुंबईच्या काळा घोड्यावरचं ‘ऱ्हिदम हाउस’ हे गाण्यांचं दुकान २०१६ च्या फेब्रुवारीअखेर बंद झालं, तेव्हा हळहळणाऱ्यांत तिन्ही पिढ्या होत्या.

मग कागदावर हरलेली रेकॉर्ड परत आली कशी? पहिलं कारण सीडीवाल्यांनीच पुरवलं. सुरुवातीच्या बऱ्याच सीडी रेकॉर्ड कोरण्यासाठी घडवलेल्या टेपवरूनच उचललेल्या होत्या. ज्या उपायांनी रेकॉर्ड सुसह्य व्हायची, त्यांनीच सीडी कर्कश झाली. दुसरं कारण नव्वदच्या दशकातलं. आपलं गाणं शेजारच्यापेक्षा मोठं वाजावं म्हणून कंपन्यांनी हळू आवाज वर ओढला, मोठा छाटला, आणि सगळं सपाट केलं. त्याला ‘लाउडनेस वॉर’ म्हणतात. विनाइलवर हा आगाऊपणा एका मर्यादेपलीकडे चालत नाही, कारण खाच रुंदावते, वेळ कमी पडतो, सुई उडते. म्हणजे ९६ डेसिबलचं अंगण ज्याला मिळालं त्याने कोपऱ्यात अंथरूण टाकलं, आणि ज्याचं घर लहान त्याला नीट राहावं लागलं.

२००८ पासून अमेरिकेत ‘रेकॉर्ड स्टोअर डे’ हा रेकॉर्डच्या दुकानांचा दिवस सुरू झाला. २०२० मध्ये तिथे विनाइलची कमाई सीडीपेक्षा जास्त झाली, १९८६ नंतर पहिल्यांदाच. २०२२ मध्ये नगांतही ती पुढे गेली, ४ कोटी १० लाख विरुद्ध ३ कोटी ३० लाख. त्याच वर्षी एक फजिती झाली. मोबाइल फिडेलिटी ही अमेरिकन कंपनी मूळ टेपवरून काढलेल्या महागड्या एलपींसाठी प्रसिद्ध. कोरण्याआधी मध्ये एक अंकी टप्पा असतो, आणि तो काही वर्षांपासून आहे, हे जुलै २०२२ मध्ये तिला कबूल करावं लागलं. कोर्टकचेऱ्या झाल्या. पण तोपर्यंत याच एलपींच्या ‘शुद्ध अ‍ॅनालॉग’ (म्हणजे अंकी टप्पा नसलेल्या) आवाजाची तारीफ करणाऱ्या जाणकार कानांपैकी कुणालाही तो टप्पा ऐकू आला नव्हता. माझी समजूत तेव्हापासून पक्की झाली की वाद माध्यमाचा कमी आणि मधल्या हातांचा जास्त आहे.

माझ्याकडे एका ख्यालाची जुनी एलपी आहे आणि त्याच मुद्रणाची पुढे निघालेली सीडीही. एलपीवर मधूनमधून टिकटिक होते. गायकाच्या मागे तंबोऱ्याच्या जवारीचं, म्हणजे तारांच्या झणकाराचं, गुंजन सतत असतं. सीडी लावली की टिकटिक नाही, टेपची सरसरही नाही, आणि तंबोराही जवळजवळ नाही. सरसर काढणाऱ्याच्या यंत्राला जवारी ही सरसरच वाटली असावी. दोष सीडीचा नाही. तिच्या अंगी तो तंबोरा जपण्याची ताकद एलपीहून जास्त होती.

म्हणून चोरबाजारात मटण स्ट्रीटला रेकॉर्ड चाळताना मी आता वेष्टन कमी आणि लेबलाभोवतीची गुळगुळीत पट्टी जास्त पाहतो. रेकॉर्ड उजेडाकडे तिरकी धरली की तिथे कोरलेले बारीक आकडे दिसतात. कुठल्या साच्यावरून ही प्रत निघाली, ते त्यांवरून कळतं. सीडीलाही मधल्या भोकाभोवती तसेच आकडे असतात. शिवाय जुन्या सीडींच्या पाठीवर तीन इंग्रजी अक्षरं छापलेली सापडतात. ‘एएडी’ असेल तर मुद्रण आणि मिश्रण टेपवर, फक्त शेवटचा टप्पा अंकी. ‘डीडीडी’ असेल तर सगळंच अंकी. गठ्ठा पूर्ण चाळून होईपर्यंत दुकानदार कंटाळतो आणि भाव स्वतःहून थोडा उतरवतो.