‘वयच तसंय’ ही समजूत आली कुठून?

चौदा-पंधराव्या वर्षी मूल चिडचिड करायला लागलं, घुम्यासारखं बसायला लागलं की सगळे म्हणतात वयच तसंय, होईल नीट. पण ही समजूत काही फक्त घरातली नाहीये, एकेकाळी डॉक्टर लोकही हेच मानायचे.

१९०४ ला अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ जी. स्टॅन्ली हॉल यांनी किशोरवयावर दोन खंड लिहिले आणि हे वय वादळाचंच असतं असं मांडलं. १९५८ मध्ये मनोविश्लेषक ॲना फ्रॉईड त्याच्याही पुढे गेल्या, या वयात उलथापालथ दिसलीच नाही तर उलट तेच काळजीचं, असं त्यांचं म्हणणं. यातून झालं काय, तर खरोखर आजारी असलेल्या मुलांनाही ‘मोठा झाला की सुधारेल’ म्हणून थांबवून ठेवलं गेलं, आणि मला तरी हे फार मोठं नुकसान वाटतं.

याला धक्का दिला १९६० च्या दशकातल्या अभ्यासांनी. शिकागोत मानसोपचारतज्ज्ञ डॅनियल ऑफर यांनी दवाखान्यात न आलेली, साधी शाळकरी मुलं वर्षानुवर्षं पाहिली, तर खरं वादळ साधारण पाचातल्या एकाच्याच वाट्याला आलेलं. जेम्स मास्टरसन या दुसऱ्या मानसोपचारतज्ज्ञांनी उलट्या बाजूने बघितलं, उपचाराला आलेली मुलं पाच वर्षांनी पुन्हा तपासली आणि निम्म्याहून जास्त जणांचा त्रास तसाच होता, वयाबरोबर गेलाच नव्हता.

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ मायकल रटर आणि सहकाऱ्यांचं, इंग्लंडच्या आयल ऑफ वाइट बेटावरचं, १९७६ चं. तिथल्या १४-१५ वर्षांच्या मुलांची आईबापांशी भांडणं व्हायची ती कपडे, केस, बाहेर जाणं असल्या गोष्टींवरून, नातं तुटलेलं फार थोड्यांचं. पण आतून उदास, स्वतःला कमी लेखणारी मुलं बरीच निघाली, आणि मोठ्यांच्या ते लक्षातही आलेलं नव्हतं. म्हणजे आपण आवाज करणाऱ्या मुलाची काळजी करतो आणि गप्प बसलेल्याकडे बघतच नाही.

पुढे १९८० पासून मानसिक आजारांच्या अमेरिकन निदान-नियमांत मुलांच्या डिप्रेशनला मोठ्यांचेच मूळ निकष लागले. २००५ मध्ये संशोधक रोनाल्ड केसलर यांच्या अमेरिकेतल्या सर्व्हेत दिसलं की आयुष्यभरातल्या मानसिक आजारांपैकी निम्मे चौदाव्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात. त्यामुळे आता डॉक्टर नुसता मूड बघत नाहीत, हे किती आठवडे चाललंय, झोप-जेवण-अभ्यास-मित्र सगळंच सुटलंय का, नसलेले आवाज ऐकू येतात का, हे विचारतात आणि मरणाचे विचार येतात का हेही स्पष्ट विचारतात, तेही मुलाला एकट्याला बसवून.