पुरुषत्व : आफ्रिकी संकल्पना आणि निर्वसाहतीकरण

पुरुषत्वाच्या अभ्यासाचे निकष मुख्यतः युरोप-अमेरिकेतील अनुभवांवरून बेतले गेले. ते आफ्रिकी समाजांना जसेच्या तसे न लावता, तिथल्या भाषा, विधी आणि नातीगोती यांतून पुरुषपणाचा अर्थ शोधणारी ही अभ्यासदिशा आहे. वसाहतकाळापासून रुजलेल्या अशा चौकटींतून विचार सोडवणे म्हणजेच निर्वसाहतीकरण.

दक्षिण आफ्रिकेतील खोसा समाजाचे उदाहरण यात सर्वांत बोलके. खोसा भाषेत मुलगा म्हणजे ‘इंक्वेंक्वे’, पुरुष म्हणजे ‘इन्दोदा’. नुसते वय वाढून कोणी इन्दोदा होत नाही. त्यासाठी ‘उल्वालुको’ हा दीक्षाविधी करावा लागतो. सुंता हा त्याचा एक भाग झाला. वस्तीपासून दूर झोपडीत राहणे, अंगाला पांढरी माती फासणे, ज्येष्ठांकडून कर्तव्यांची शिकवण घेणे आणि शेवटी ती झोपडी जाळून मागे वळून न पाहता परतणे, हे सारे मिळून विधी पुरा होतो. नेल्सन मंडेला यांचा विधी १९३४ साली, सोळाव्या वर्षी झाला. विधी न झालेला माणूस प्रौढ असला तरी समाजाच्या लेखी इंक्वेंक्वेच राहतो. गोरे मालक पन्नाशीच्या नोकरालाही ‘बॉय’ अशी हाक मारत, तेव्हा तो अपमान किती खोलवर जात असेल, हे यावरून उमगते.

पुरुषाची भूमिका पुरुषदेहालाच चिकटलेली असते, हे गृहीतही इथे टिकत नाही. नायजेरियातील इग्बो समाजाच्या न्नोबी गावात सधन स्त्री दुसऱ्या स्त्रीशी रीतसर विवाह करून ‘पती’ होत असे. नायजेरियन मानववंशशास्त्रज्ञ इफी अमाडियुमे यांनी १९८७ साली हे सविस्तर मांडले. नायजेरियातल्याच योरुबा भाषेत तर नववधूच्या दृष्टीने नवऱ्यासोबत तिची नणंदही ‘ओको’च, म्हणजे ‘पती’च. समाजशास्त्रज्ञ ओयेरोंके ओयेवुमी यांच्या मते तिथे लिंगापेक्षा ज्येष्ठता मोठी होती.

मात्र देशी म्हणजे आपोआप निर्मळ, असे मानणे ही मोठी चूक ठरेल. परंपराही बदलत आल्या आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शाका राजाच्या काळात दक्षिण आफ्रिकेतल्याच झुलू समाजातली सुंता मागे पडली आणि तरुण ‘अमाबुथो’ या पलटणींतून पुरुष होऊ लागले. लग्नासाठीही राजाची परवानगी लागे. उल्वालुकोत आजही अप्रशिक्षित हातांमुळे मुलांचे जीव जातात. दक्षिण आफ्रिकेने २०२१ साली पारंपरिक दीक्षाविधींसाठी स्वतंत्र कायदा केला. त्याने विधी बंद केला नाही. सोळा वर्षांखालील मुलांना दीक्षा देण्यास मनाई केली आणि देखरेखीच्या व्यवस्थेत पारंपरिक प्रमुखांनाही स्थान दिले.