महाराष्ट्राचा उठाव नकाशा

उठाव नकाशा म्हणजे जमिनीचा उंचसखलपणा हाताला लागेल असा घडवलेला नकाशा. चौथी-पाचवीच्या मुलांना राज्याची ओळख करून देण्यासाठी तो कागदाच्या लगद्यातून करतात. तयार नकाशा भिंतीवर टांगण्यापेक्षा मुलांनीच तो घडवण्यात खरा उपयोग आहे.

१ सेंमीला १० किमी हे प्रमाण सोयीचे. त्यासाठी १ मी. × ८० सेंमी प्लायवुड पुरते. हेच प्रमाण उंचीला लावले तर १,६४६ मी. उंचीचे कळसूबाई दीड-पावणेदोन मिलिमीटरचे होईल. म्हणून उंची २० पट वाढवतात, म्हणजे १ सेंमीला ५०० मी. आता कळसूबाई ३.३ सेंमी, पुणे १.१ सेंमी आणि नागपूर जेमतेम ६ मिमी. ही वाढ मुलांना सांगितलीच पाहिजे; नाहीतर सह्याद्री हिमालयासारखा वाटू लागतो.

रद्दी रात्रभर भिजवून वाटावी व पिळून घ्यावी. दोन वाट्या लगद्याला एक वाटी खडूची पूड, अर्धी वाटी मैद्याची खळ आणि चमचाभर मेथीपूड घ्यावी. पुस्तके बांधणारे (बाइंडर) खळीत मोरचूद घालतात, पण तो विषारी. मुलांच्या हाती नको. थर ५ मिमीपेक्षा जाड नसावा आणि एक सावलीत वाळल्यावरच दुसरा द्यावा. घाईने जाड थापला की तडे जातात. फळीला एकाच बाजूने ओल लागली तर ती वाकते, म्हणून मागूनही खळीचा हात द्यावा. पावसाळ्यात हे काम काढूच नये, बुरशी येते.

हमखास होणारी चूक सह्याद्रीची. मुले त्याला दोन्हीकडून उतरती भिंत करतात. प्रत्यक्षात तो पठाराची पश्चिम कड आहे: कोकणाकडे तुटलेला कडा, पूर्वेकडे सावकाश उतार. नकाशावर कोकणपट्टी जेमतेम ३ ते ६ सेंमी रुंद. रंग-वार्निश झाल्यावर त्र्यंबकेश्वरी पाण्याचा थेंब सोडावा. तो पश्चिमेला पळाला, तर कड चुकली. कारण अरबी समुद्र इतका जवळ असूनही गोदावरी बंगालच्या उपसागराला मिळते. तापीचा थेंब मात्र सातपुडा आणि सातमाळा-अजिंठा रांगांच्या मधून पश्चिमेलाच गेला पाहिजे.

इतिहास याच उतारांवर बसवता येतो. कड्यात काडीने नाणेघाट, बोरघाट, थळघाट कोरले, की सातवाहनांचा लेख नाणेघाटातच का, हे वेगळे सांगावे लागत नाही. बंदरांकडे जाणारा व्यापारी माल याच वाटेने उतरे. १९५६ पूर्वीच्या सीमा तीन रंगांच्या दोऱ्यांनी दाखवाव्यात: मुंबई राज्य, हैदराबाद राज्यातला मराठवाडा, मध्य प्रदेशातला विदर्भ. १ मे १९६० चा दोरा सर्वांत शेवटी. जिल्हे आज ३६ आहेत. पालघर २०१४ चा, त्यामुळे जुना नकाशा गिरवला तर तो राहून जातो.

माणसे दाखवायला बाजारातल्या पोशाखी बाहुल्या चिकटवतात, त्या टाळाव्यात. रोज नऊवारी आणि फेटा आता फार थोडे लोक घालतात. त्याऐवजी भाषा-बोलींच्या चिठ्ठ्या लावाव्यात: खानदेशात अहिराणी, सिंधुदुर्गात मालवणी, मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत माडिया. आणि पिकांचे नमुने चिकटवावेत. कोकणात तांदूळ, सोलापूरला ज्वारी, विदर्भात कापूस, आणि पार भंडारा-गोंदियाला पुन्हा तांदूळ. तिथे पुन्हा का, हा प्रश्न मुलेच विचारतात. पावसाचा विषय तिथून काढावा. दाणे चिकटवण्याआधी कोरडे भाजून घ्यावेत, नाहीतर पोरकिडे लागतात.