संग्रहालयातली वारसावस्तू परत मागायची आहे? अर्ज कोणी करायचा, कागदपत्रे कोणती लागतात

परदेशी संग्रहालयातली आपल्या समाजाची मूर्ती, मुखवटा किंवा पूर्वजांचे अवशेष परत मागण्यासाठी सगळ्या जगात चालेल असा एकच फॉर्म नाही. वस्तू केव्हा गेली, कशी गेली आणि आज कोणत्या देशात आहे, यावर अर्जाचा मार्ग ठरतो. म्हणून आधी या तीन प्रश्नांची उत्तरे लिहून काढा.

अर्ज कोण करू शकतो?

अलीकडची चोरी असेल, तर 1970 चा युनेस्को करार उपयोगी पडतो. मात्र त्याखाली मागणी फक्त सरकार करू शकते, तीही राजनैतिक मार्गाने. देवस्थानाने किंवा गावाने आपल्या सांस्कृतिक खात्याकडे जायचे आणि खात्याने पुढे पाठवायचे. दोन्ही देश करारात सामील असावे लागतात आणि त्याआधीच्या घटनांना करार लागू होत नाही. आणखी एक मेख आहे: संग्रहालयातून किंवा धार्मिक वास्तूतून गेलेली वस्तू तिथल्या यादीत नोंदलेली असावी लागते. यादीच नसेल, तर खरा दावाही लंगडा पडतो.

युनिड्रॉ या खासगी कायद्यांत एकसूत्रता आणणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या 1995 च्या कराराने मूळ मालकाला थेट न्यायालयाचे दार उघडले, पण त्यात सामील देश थोडे आहेत. वस्तू कुठे व कोणाकडे आहे हे कळल्यापासून 3 वर्षांत आणि चोरीपासून 50 वर्षांत दावा करावा लागतो. वस्तू एखाद्या ज्ञात स्मारकाचा भाग असेल, तर 50 वर्षांची अट सुटते.

वसाहतकाळात नेलेल्या वस्तूंना यातले काहीच लागू होत नाही. तिथे त्या देशाचा कायदा आणि संग्रहालयाचे धोरण पाहायचे. अमेरिकेच्या 1990 च्या कायद्यानुसार थेट वंशज, मान्यताप्राप्त मूलनिवासी जमाती आणि हवाईच्या मूलनिवासी संघटना मानवी अवशेष, दफनवस्तू व पवित्र वस्तू मागू शकतात. नेदरलँड्समध्ये मूळ देशाचे सरकार विनंती करते आणि स्वतंत्र समिती सल्ला देते. याच मार्गाने 2023 मध्ये इंडोनेशिया आणि श्रीलंकेला मिळून 478 वस्तू परत देण्याचा निर्णय झाला.

कागदपत्रे

अर्जाचे खरे बळ इथे आहे. ज्यांची वस्तू गेली त्यांनीच पुरावा गोळा करायचा, हे मला अन्यायाचे वाटते. तरीही अर्धाअधिक पुरावा संग्रहालयाच्याच कपाटात असतो, म्हणून सुरुवात तिथून करा. आवक नोंदवहीतला उतारा, वस्तू देणाऱ्याशी झालेला पत्रव्यवहार, खरेदीची पावती, जुने छायाचित्र हे सगळे लेखी मागा. वस्तू ‘भेट’ म्हणून नोंदली असेल, तर भेट देणारा कोण होता आणि त्याला ती कुठून मिळाली, हा पुढचा प्रश्न.

आपल्या बाजूने लागतात: अर्ज करण्याचा अधिकार देणारा समाजाचा किंवा विश्वस्तांचा ठराव, वंशजांसाठी वंशावळ, चोरी असल्यास पोलीस तक्रार आणि वस्तूचे वर्णनपत्र. वर्णनासाठी 1997 मध्ये जाहीर झालेला ‘ऑब्जेक्ट आयडी’ नमुना वापरा. त्यात छायाचित्र, माप, माध्यम, कोरीव अक्षरे आणि विशेष खुणा येतात. खुणांची जागा रिकामी सोडू नका. प्रभावळीची तुटलेली ज्वाला, बोटाचा उडालेला टवका, जुनी डागडुजी यांवरूनच ‘अशीच’ आणि ‘हीच’ यांतला फरक सिद्ध होतो. तमिळनाडूतल्या श्रीपुरंदानच्या नटराजाची ओळख पुद्दुचेरीच्या फ्रेंच संस्थेतल्या जुन्या छायाचित्रांशी ताडून पटली. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने 50 लाख डॉलरहून अधिक मोजून घेतलेली ती मूर्ती 2014 मध्ये भारताला परत मिळाली.

वडीलधाऱ्यांच्या आठवणी, वस्तूशी निगडित गाणी आणि विधी हाही पुरावा आहे. अमेरिकेच्या कायद्यात मौखिक परंपरा स्पष्टपणे ग्राह्य आहे. त्या ध्वनिमुद्रित करा, सांगणाऱ्याचे नाव आणि तारीख नोंदवा. गुप्त विधीचा तपशील मात्र उघड करण्याआधी तो गोपनीय राहील, असे लेखी घ्या.

निर्णय आणि हस्तांतरण

अर्जात ‘मालकी परत हवी’ असे स्पष्ट लिहा. ‘सहकार्य’ वगैरे मोघम शब्दांतून अनेकदा उसनवारीच पदरी पडते. 1963 च्या कायद्यामुळे ब्रिटिश म्युझियमला संग्रहातली वस्तू सहसा काढून देता येत नाही. अशा बंधनांमुळेच 2024 मध्ये घानातल्या असांते राजघराण्याच्या 32 राजवस्तू तिथे 3 वर्षांच्या उसनवारीवरच गेल्या, आणि त्यांतल्या काही लंडनच्याच व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या होत्या. अशी उसनवारी स्वीकारावी का, हे समाजाने ठरवायचे. पण स्वीकारलीच, तर मालकीचा दावा कायम असल्याचे करारात लिहून घ्या.

होकार आल्यावर वाहतूक, विमा आणि निर्यात परवान्याचा खर्च कोणाचा, हे ठरवा. हस्तिदंत किंवा दुर्मीळ पिसे असतील, तर वन्यजीव व्यापाराचा वेगळा परवाना लागतो.

शेवटचा कागद बरेच जण मागायला विसरतात: कीटकनाशक फवारणीची नोंद. कीड लागू नये म्हणून पूर्वी चामडे, पिसे आणि लाकडावर आर्सेनिक व पारा वापरत. विधीत तोंडाला लावायचा मुखवटा असेल, तर तपासणी अहवाल हातात आल्याशिवाय तो कोणालाही घालू देऊ नका.