सेप्सिसमधील सूक्ष्मरक्ताभिसरण विकार

जंतुसंसर्गाला शरीराचा प्रतिसाद बेताल होऊन इंद्रिये निकामी होऊ लागतात, त्या अवस्थेत सुमारे २० मायक्रोमीटरपेक्षा कमी व्यासाच्या रक्तवाहिन्यांत होणारा बिघाड. वाहिन्यांच्या अंतःस्तरावरील शर्करायुक्त लेप झिजतो, पांढऱ्या पेशी भिंतीला चिकटतात, तांबड्या पेशी ताठरतात व सूक्ष्म गुठळ्या होतात. एक केशवाहिनी वाहती, तर शेजारची बंद, असे चित्र दिसते.

इंद्रिये निकामी होण्याचे हे मूळ कारण की नुसती खूण, याबद्दल एकमत नाही. एका मतानुसार दोष पेशींतील मायटोकाँड्रियात (ऊर्जा तयार करणाऱ्या घटकांत) असून पोहोचलेला ऑक्सिजनही वापरला जात नाही. पुरवठा तुटतो, या दुसऱ्या मताला २००२ पासून बळ मिळाले. त्या वर्षी बेल्जियममधील दे बाकर व सहकाऱ्यांनी जिभेखालच्या वाहिन्यांचे रुग्णशय्येपाशी चित्रण केले. तेथे ॲसिटिलकोलीन हे वाहिन्या रुंदावणारे रसायन लावताच खुंटलेला प्रवाह पूर्ववत झाला. म्हणजे वाहिन्या सर्वस्वी गुठळ्यांनी बुजलेल्या नसाव्यात. याच गटाच्या २००४ च्या निरीक्षणात वाचलेल्या रुग्णांचा सूक्ष्मप्रवाह लवकर सुधारला. रक्तदाब सावरूनही पुढे दगावलेल्यांचा मात्र रेंगाळला. दोन्ही दोष एकत्र नांदणे अधिक संभवनीय वाटते. गुठळ्या रोखण्यावर भिस्त ठेवणारे सक्रियित प्रथिन-सी हे औषध मृत्यू कमी करत नसल्याने २०११ मध्ये मागे घेण्यात आले.

व्यवहारात बोटाची परीक्षा पुरते : तर्जनीचे टोक काचपट्टीने १० सेकंद दाबून सोडतात, लाली परतण्यास ३ सेकंदांहून अधिक लागल्यास प्रवाह मंद समजतात. (वातानुकूलित कक्षात गारठलेले बोट फसवू शकते.) २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४२४ रुग्णांच्या दक्षिण अमेरिकी चाचणीत या परीक्षेनुसार उपचार केलेल्या गटात २८ दिवसांतील मृत्यू ३४.९ टक्के, तर रक्तातील लॅक्टेटनुसार (ऑक्सिजन कमी पडल्यावर वाढणाऱ्या आम्लघटकानुसार) केलेल्या गटात ४३.४ टक्के होते. फरक संख्याशास्त्रीय कसोटीला थोडक्यात उतरला नाही.

गोव्यात पावसाळ्यातील लेप्टोस्पायरोसिस (उंदरांच्या मूत्राने दूषित पाण्यातून होणारा ताप) व स्क्रब टायफस (बारीक किड्यांच्या चाव्याने होणारा ताप) यांतून ही अवस्था उद्‌भवू शकते. वाळपई किंवा काणकोणहून रुग्ण बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात हलवण्यापूर्वी वरील परीक्षा काचपट्टीखेरीज अन्य उपकरणांविना करता येते. स्क्रब टायफसचे जंतू थेट अंतःस्तराच्या पेशींतच वाढतात, त्यामुळे वाहिन्या पाझरतात; शिरेतून द्रव जास्त गेल्यास फुप्फुसांत पाणी साचते. काख, जांघ येथे चाव्याच्या जागी काळी खपली दिसल्यास डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक लगेच सुरू करतात.